हौदाचा सातवा दगड

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. वाचून झाल्यावर खरं काय ते तूच ठरव.

गावात एक दगड सापडलाय. हसू नकोस. आपल्या घरात दगडांचं काय कौतुक हे मला माहीत आहे, पण हा दगड आता काचेच्या पेटीत आहे आणि त्याच्यापुढे दोन माणसं पहाऱ्याला असतात. टेकडीवरच्या आपल्या प्रार्थनाघराला नवा मनोरा बांधायचं चाललंय, ते मागच्या पत्रात लिहिलं होतं. त्यांच्यातल्यांनी बाजारातल्या त्यांच्या प्रार्थनाघराच्या घुमटाला रंग दिला, दिवे लावले, तेव्हापासून आपल्यातल्यांच्या पोटात दुखत होतं. मग उभारणी समिती निघाली. मनोरा त्यांच्या घुमटापेक्षा उंच हवा, वर देशाचं निशाण हवं, आणि स्टेशनावर उतरणाऱ्याला आधी ते दिसायला हवं. प्रार्थनेला जागा पुरते का, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही. समितीचे अध्यक्ष आपले जुने पोस्टमास्तर. जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, आता गावावर मारायला निघालेत.

तर पायाच्या खोदकामात हा दगड लागला. हातभर रुंद, दोन हात लांब. एका कडेला मधोमध गुळगुळीत झिजलेली खाच, आणि कोपऱ्यात एक खूण, दोन उभ्या रेघा आणि त्यांच्या डोक्यावर टिंब. पोस्टमास्तरांनी कुठलेसे प्राध्यापक आणले. त्यांनी भाषण केलं की हा आपल्या पूर्वजांच्या आद्य प्रार्थनाघराचा उंबरा, आणि ती खाच शेकडो वर्षं भाविकांनी कपाळ टेकून टेकून पडलेली. बायका रडल्या. खोटं कशाला सांगू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

ते आटलं नकाशा बघून. उंबरा इथे म्हणजे आद्य प्रार्थनाघर केवढं असेल, त्याचा नकाशा चौकात लावलाय. तांबडी रेषा टेकडी उतरून आपल्या गल्लीत येते आणि अकरा घरं गिळते. अकराच्या अकरा त्यांच्यातल्यांची. बटणवाल्या वहिनींचं घर त्यातच. आपलं घर त्यांच्या घराला पाठ लावून उभं, पण रेषा तिथवर आली की वळसा घालून जाते, डाग चुकवून कापड बेतावं तशी. पूर्वजांना आपल्या घराची एवढी काळजी कशी, मला कळेना.

वहिनींना तू विसरला नसशील. आई गेली त्या वर्षी तुला तापाने घेरलं होतं, तेव्हा नऊ दिवस उशाशी बसल्या होत्या, बटणांची पेटी तुझ्यापुढे ओतून तुला मोजायला लावत होत्या. आता त्या दुकान अर्धंच उघडतात.

ती खूण मी कुठेतरी पाहिलीय, पण आठवत नाही. तू दगडातला माणूस, जुन्या इमारतींच्या खात्यात एवढा मोठा तपासनीस. तुझ्या खात्याला या लोकांनी काही विचारलंय का? मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय.

सौ.ला आशीर्वाद. छकुली डॉक्टर व्हायला निघाली असली तरी तिला माझा पापा दे. मायेची शिवण आहे तशी घट्ट राहू दे.

ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि. तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि एवढा हसलो की शिपाई पाणी घेऊन आला.

अगं, ती खूण तू रोज पाहतेस. मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडाच्या कोपऱ्यावरचा साबणाचा थर खरवड आणि बघ. तो दगड आजोबांनी आजीसाठी घडवला होता. दोन रेघा आणि टिंब ही आपल्या आजोबांची खूण. पाथरवट आपल्या प्रत्येक दगडावर खूण मारतो, नाहीतर मजुरी कोणाला द्यायची ते मुकादमाला कळत नाही.

आणि टेकडीवर आजोबांनी काय बांधलं होतं, सांगू? पलटणीच्या खेचरांचा हौद, गावातल्यांना तिथे मज्जाव असायचा. बारा दगडांचा काठ. तो मोडला तेव्हा तू लग्न होऊन गेली होतीस, माहेरी परत आली नव्हतीस, मी दहा वर्षांचा होतो, आजोबा मला बोटाला धरून घेऊन गेले होते. अकरा दगड गाडीत चढले, एक चिखलात रुतून बसला तो बसलाच. कपाळं कसली टेकतात! खेचरं पाणी पिताना मान घासायची, त्याने पडलेली खाच ती. तुमच्या प्राध्यापकांना माझा दंडवत.

खात्री करायची तर दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे छिन्नीचे घाव. उजव्या हाताने हातोडा मारणाऱ्याचे घाव एका बाजूला कलतात, डावऱ्याचे त्याच्या उलट. आजोबा डावरे होते आणि त्यांच्यामागे घरात मीच. आठवतं, शाळेत मास्तरांनी पट्टीने मारून मारून मला उजव्या हाताने लिहायला लावलं? लेखणी उजव्या हातात गेली, हातोडा डाव्यातच राहिला. दगडावर पाणी शिंपडून कलत्या उन्हात बघ, एकेक घाव दिसतो. तू लहानपणी हे माझ्याआधी शिकली होतीस.

दुसरी गोष्ट दगडाच्या खालच्या बाजूला आहे. आजोबांनी पुलासाठी घडवलेले दगड एकदा गाडीवानाने शाळेच्या पायऱ्यांना नेऊन टाकले होते. तेव्हापासून ते प्रत्येक दगडाच्या तळाला कोरून ठेवायचे, कशाचा दगड आणि कितवा. चिखलातल्या त्या दगडाचा तळ मला त्यांनी हाताने चाचपायला लावला होता. तिथे अक्षरं आहेत: हौद, खेचरं, सातवा. पेटीतला दगड उलटा करा म्हणावं, आद्य प्रार्थनाघर आपोआप मिटेल.

समितीचा अर्ज आमच्या खात्यात आलाय, माझ्याच टेबलावर आहे. दगड प्राचीन आणि धार्मिक असल्याचा दाखला मागतात. मी खरं ते लिहीन, काळजी करू नकोस. मात्र तोवर कोणाला सांगू नकोस, वहिनींनासुद्धा नाही.

छकुलीला वसतिगृहात स्वतंत्र खोली मिळाली नाही, दोघींत एक खाट आहे. बाकी मजेत. तुझा लोभ माझ्यावर आहे तो कमी मापाचा करू नकोस.

तुझा धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मला बारा दिवसांनी मिळालं. एरवी चौथ्या दिवशी मिळतं. पाकिटाच्या झाकणावर डिंकाच्या गुठळ्या होत्या, आणि तू पाकीट चिकटवतोस ते जिभेने ओलं करून, हे मला ठाऊक आहे. चिकटवणाऱ्याला घाई होती, झाकण वाकडं बसलंय. पोस्टात नवीन मास्तर आहेत, पण जुने मास्तर रोज तिथे बसून चहा पितात.

साबण खरवडला. खूण आहे. 

परवा पोस्टमास्तर स्वतः माझ्या शिवणाच्या दुकानात जाकीट आत घेऊन मागायला आले. जाकीट मुळात घट्ट, त्यात आत काय घ्यायचं! माप घेताना गोड आवाजात म्हणाले, तुमचे आजोबा फार नामी कारागीर, डावरे होते ना? माझ्या तोंडातल्या टाचण्या गिळता गिळता राहिल्या. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली आणि यांना त्यांचा हात आज आठवला. जाताना विचारलं, भाऊ काय म्हणतो, मुलगी शिकते ना शहरात? मी म्हटलं शिकते. आता वाटतं, तेही बोलायला नको होतं.

इथे हवा फिरलीय. मी दोन्ही शाळांचे गणवेश शिवते, आपल्यांचा राखी आणि त्यांचा तपकिरी. या वर्षी तपकिरी कापड दुकानात बाहेरून दिसलं की आपल्यातले दोघे-तिघे थांबून बघतात आणि पुढे जातात. मी तपकिरी कापड आतल्या खोलीत नेलं. मग स्वतःचीच लाज वाटून परत बाहेर आणलं.

आता रागावशील ते लिहिते. वहिनींना मी सांगितलं. समितीतल्या लाकडाच्या वखारवाल्याने त्यांना मातीमोलाने घर मागितलंय, आणि त्या देऊन टाकायला निघाल्या होत्या. लेकाकडे परदेशी जाते म्हणाल्या. म्हटलं थांबा, त्या दगडाच्या पोटात काय आहे ते माझ्या भावाला माहीत आहे. त्या दारात उभ्या राहून रडल्या रे. मग त्यांनी वखारवाल्याला नाही म्हणून सांगितलं. माझ्या शब्दावर सांगितलं. म्हणजे तुझ्याच.

तू स्वतः ये आणि दगड उलटा करायला लाव. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही.

सौ. आणि छकुलीला आशीर्वाद. तुझ्या पत्राची मी वाट बघते, हे आणखी कोणी वाचत असेल तर त्यालाही कळू दे.

ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला एक गोष्ट सांगितली होती, ती तुझ्याकडून पाळली गेली नाही. आमच्या साहेबांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं आणि विचारलं, खेचरांचं काय प्रकरण आहे? मी खात्यात एक अक्षर बोललो नव्हतो. पाकिटाचं तू लिहितेस ते तुला वाटतं. मला वाटतं, तू एका माणसाला सांगितलंस आणि त्या माणसाने दहांना. शेवटी वहिनी त्यांच्यातल्या आहेत. वेळ आली की रक्त आपल्याकडे ओढतं, हे मी सांगायला नको.

मागच्या आठवड्यात छकुलीच्या वसतिगृहावर दोन माणसं आली होती. ती अमक्या गावची ना, अमक्यांची नात ना, असं विचारून गेली. सहज आलो म्हणाली. तुझी भावजय तेव्हापासून जेवत नाही.

मी २२ तारखेला शनिवारी तपासणीला येतोय. समितीच्या विश्रामगृहात उतरीन, घरी नाही. कारण समजून घे. दोष देऊ नकोस.

धाकटा

२९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद. ते द्यायचे असतात, म्हणून दिले.

वहिनींवर ढकललंस, ते आधी परत घे. त्यांना आपली लिपी वाचता येत नाही आणि गल्लीबाहेर त्या कोणाशी बोलत नाहीत. आणि रक्ताचं म्हणशील तर तापात तुझ्या कपाळावर पट्ट्या बदलताना त्यांनी कोणाचं रक्त विचारलं नव्हतं.

तू आलास आणि गेलास. दोन दिवसांत माझ्या वाट्याला दहा मिनिटं आली, तीही समितीची दोन माणसं तुझ्या दोन्ही अंगांना बसलेली असताना. वहिनी तुला बघायला मागच्या दाराने आल्या होत्या. पडद्याआडून ती माणसं दिसली तशा परत फिरल्या. तुझ्यासाठी चांदीचं एक बटण आणलं होतं, लहानपणी तू मोजताना नेहमी लपवायचास ते. माझ्याकडे ठेवून गेल्या.

मला काही गोष्टी समजल्या नाहीत, त्या विचारते. रविवारी मोजमापासाठी म्हणून प्रार्थनाघर दुपारभर बंद होतं. फीत धरायला दुपार लागते का? दिवे गेलेले नसताना जनरेटर चार तास का धडधडत होता? माझ्याकडे चहा प्यालास तेव्हा तुझ्या डाव्या बाहीच्या कफाला पांढरी धूळ होती. शिंपीण आहे, माणसाच्या तोंडाआधी मला त्याची बाही दिसते. मी झटकायला गेले तर तू हात मागे घेतलास.

आणि मंगळवारी चौकात तुझा दाखला लागला. दगड प्राचीन असून धार्मिक उपयोगाचा असावा. खाली तुझी सही, मास्तरांच्या पट्टीने वळण लावलेली. लोक मला पेढे द्यायला आले. मी दुकान बंद करून बसले.

 वहिनींनी रोजच्यासारखे दोरे आणून दिले आणि पैसे घेतले नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हे असं का केलंस, तेवढं लिही. माझ्या मायेची परीक्षा बघू नकोस, ती नापास व्हायला आलीय.

ताई

८ एप्रिल

ती. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि. हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो हातात देईल. पाकिटाचं तुझं बरोबर होतं, माझी चूक झाली. वहिनींबद्दल लिहिलं तेही मागे घेतो.

आता शांतपणे वाच. मी सही मुद्दाम केली. नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसरा तपासनीस आणला असता, आणि त्याला तळाच्या अक्षरांचं काही माहीत नसतं. पेटीत दगड गादीवर ठेवलाय, तो कोणी उलटणार नाही. पण २ मेला तो मनोऱ्याच्या कमानीवर बसवायचा आहे. मंत्री येणार, दोन्हीकडची माणसं येणार. दगड क्रेनने उचलला जाईल आणि सगळ्यांच्या डोक्यावरून वर जाईल. तेव्हा त्याची खालची बाजू सगळं गाव वाचेल. मी सांगितलं तर मला गप्प करता येईल, दगडाला कसं करणार? आजोबाच बोलतील. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, या दगडाचं देवपण तेच घाव उतरवतील.

म्हणून दोन गोष्टी कर. वहिनींना आणि बाकीच्या दहा घरांना सांग की जमीन कचेरीत हरकतीचा अर्ज आत्ता देऊ नका. अर्जात खेचरांचं नाव आलं की समिती सावध होईल आणि दगड आधीच उलटून बघेल. २ तारखेपर्यंत फक्त धीर धरा. दुसरं, माझं फेब्रुवारीचं पत्र याच ड्रायव्हरबरोबर परत पाठव. घराची झडती झाली तर ते तुझ्याकडे सापडायला नको.

रविवारच्या धुळीचं विचारलंस. दगड खरवडून नमुना घ्यावा लागतो, एवढंच.

छकुलीला वसतिगृहात स्वतंत्र खोली मिळाली. ती माणसं परत आली नाहीत. माझ्या बढतीचंही बोलणं चाललंय, पण ते होईल तेव्हा खरं. सौ. आता जेवते.

माझ्यावर विश्वास ठेव, ताई. तू नाही ठेवलास तर कोण ठेवणार? लोभाचं माप तुझ्याच हातात आहे, सैल ठेव.

तुझा डावरा धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून. तुझं पत्र वाचून मी मागच्या अंगणात जाऊन रडले आणि मग पोटभर जेवले. काय काय मनात आणलं होतं तुझ्याविषयी! विसरून जा.

फेब्रुवारीचं पत्र ड्रायव्हरबरोबर दिलंच होतं. कापडात शिवून दिलं, वाटेत कोणी उघडू नये म्हणून.

एकच अडचण आहे. हरकत घ्यायची शेवटची तारीख ३० एप्रिल, आणि दगड उचलणार २ मेला. वहिनींचा अर्ज लिहून तयार आहे, वकिलाने नुसता अंगठा तेवढा घ्यायचा ठेवलाय. बाकीची दहा घरं त्यांच्याकडे बघून आहेत. तारीख गेली की परत अर्ज घेत नाहीत म्हणे. त्या मला रोज विचारत नाहीत, पण माझ्याकडे बघतात. पुन्हा एकदा नीट विचार करून सांग. देऊ का थांबू? हे पत्रही ट्रकवाल्याबरोबरच पाठवतेय.

तुझी माया मला पुरून उरली. उरलेली वहिनींना देते.

ताई

२४ एप्रिल (कार्ड)

ती. ताईस सा. न. थांबा. अर्ज देऊ नका.

धाकटा

४ मे

धाकट्यास,

परवा दगड बसवला. तू येणार नाहीस हे तुझ्या साहेबांनी भाषणात सांगितलं, प्रकृती बरी नसल्याने. बढतीचंही सांगितलं. टाळ्या पडल्या.

मी आणि वहिनी मांडवाच्या कडेला उभ्या होतो. त्यांच्यातली माणसं बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत आली होती, पुढे पोलीस येऊ देत नव्हते. वहिनींना मी हाताला धरून आत नेलं, माझी भावजय म्हणून सांगितलं. पोस्टमास्तर खुर्चीवर, अंगात मी आत घेतलेलं जाकीट. कुठेही बटण तटतटलेलं नाही, माणूस निवांत बसला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्याने माझं पाकीट फोडून तळाच्या अक्षरांचं वाचलं, तो माणूस दगड असा सगळ्यांच्या डोक्यावर का चढवू देईल?

क्रेनने दगड उचलला. मंत्र्यांचं भाषण लांबलं, म्हणून तो पट्ट्यांत तसाच लोंबत राहिला, आमच्या डोक्यावर, कलत्या उन्हात. दुपारीच वळवाची सर येऊन गेली होती आणि पेटीतून उघड्यावर काढलेला दगड अजून ओला होता. तू म्हणतोस तसा एकेक घाव दिसत होता.

अक्षरं नव्हती. तळ साफ होता, नवा, पांढरा. बाकीचा दगड काळपट आणि तेवढी बाजू आंघोळ घातल्यासारखी. काठाशी यंत्राने कापल्याच्या रेषा होत्या. मधला खोलगट भाग मात्र यंत्राने जमत नाही, तो हातानेच घडवावा लागतो. मी डोळे बारीक करून बघितलं. घाव आजोबांसारखे कललेले होते. डावऱ्या हाताचे. आजोबांना मातीत जाऊन तीस वर्षं झाली आणि घाव ताजे होते.

वहिनींनी माझ्या कानाशी लागून विचारलं, काय लिहिलंय गं, मला तुमची अक्षरं येत नाहीत. मी म्हटलं, माझ्या भावाचं नाव लिहिलंय.

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी माझा हात सोडला नाही, हे तुला मुद्दाम सांगते.

घरी येऊन मी सगळं परत उसवून बघितलं. जनरेटर छिन्नीचा आवाज झाकायला होता. बाहीवरची धूळ नमुन्याची नव्हती. आणि ट्रकवाल्याबरोबर पत्र पाठवलंस ते पोस्टमास्तरांपासून लपवायला नाही. लपवण्यासारखं काहीतरी आहे असं मला वाटावं, म्हणून. तुझं फेब्रुवारीचं पत्र वहिनींच्या अर्जाला जोडता आलं असतं. ते मी माझ्या हाताने कापडात शिवून तुला परत केलं, वर दुहेरी टाका घालून. घराभोवती रेषा वळसा का घालते हे मी पहिल्याच पत्रात विचारलं होतं. तुझी सही लागणार हे त्यांना माहीत होतं, मलाच नव्हतं.

आता नीट ऐक. तू अक्षरं पुसलीस, त्याचा मला राग नाही. दोन माणसं छकुलीच्या दाराशी येऊन गेली, मग बाप काय करणार? मला विचारलं असतंस तर मीच म्हणाले असते, पूस, आजोबाही तेच म्हणाले असते. दगड गेला खड्ड्यात. पण पुसून झाल्यावर अक्षरं आहेत म्हणून सांगितलंस. अकरा घरांना थांबायला लावलंस. थांबा, हा एक शब्द लिहिताना तुला तळाला काय आहे ते माहीत होतं, कारण तूच तिथे होत्याचं नव्हतं केलंस. नुसतं गप्प बसला असतास तरी वहिनींनी अंगठा उठवला असता. तुला पोरगी वाचवायची होती, ती वाचली. त्यावर माझ्या नजरेत चांगलंही राहायचं होतं. त्या दुसऱ्या हौसेपायी अकरा घरं गेली. ते मला गिळवत नाही.

काल जमीन कचेरीची माणसं येऊन दारांवर आकडे घालून गेली. वहिनींच्या दारावर सात आहे. मुद्दाम नसेल, रांगेत तोच येतो.

वहिनी लेकाकडे जायला तयार नाहीत. आपलं घर रेषेबाहेर आहे, ते तुझ्या सहीची कमाई आहे, तेव्हा ती वापरायची असं मी ठरवलंय. पुढची खोली त्यांना दिली. बटणांच्या पेट्या यंत्राशेजारी लागल्यात आणि तपकिरी कापड दर्शनी टांगलंय. वखारवाला दोनदा येऊन बघून गेला. पोस्टमास्तरांचं जाकीट पुन्हा आलंय, आता सैल करायला. हे पत्र मी पोस्टानेच पाठवतेय, त्यांनाही वाचू दे.

चांदीचं बटण पाकिटात घातलंय. वहिनी म्हणाल्या, त्याचंच आहे, त्याला दे. ते मी लपवणार होते, पण मला तसं जमत नाही.

छकुलीला माझे पोटभर आशीर्वाद. तिला यातलं काही सांगू नकोस.

तुझी सगळी पत्रं काढून बसले आहे. एका वळणाची, टापटीप, एक काना वाकडा नाही. पत्रं तू उजव्या हाताने लिहिलीस आणि दगड डाव्या हाताने. मी जन्मभर पत्रांवर विश्वास ठेवला. यापुढे मला लिहायचं असेल तर डाव्या हाताने लिही. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल, मी लावून घेईन.

ताई